नाव खरवडलेला केक

त्या स्वयंपाकघरात चहाची दोन पातेली होती. एक मोठं, घरभराचं. दुसरं कपभराचं, कडेला पोचा आलेलं, बिनसाखरेचं. हे दुसरं मोठीचं. चाळिशीत तिला मधुमेह निघाला, तेव्हापासून त्या पातेल्याला दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता. आजार जणू पातेल्यालाच झाला होता.

मोठी म्हणजे घरातली थोरली सून आणि तिची जाऊ ती धाकटी. सासूने हाक मारायच्या सोयीसाठी दोघींना ही नावं ठेवली. सासू गेली, नावं राहिली. खरी नावं दवाखान्याच्या कागदांपुरती उरली होती.

मोठी बेकरीत कामाला होती. मागच्या खोलीत फिरत्या थाळीसमोर उभं राहून केकवर क्रीमची फुलं काढायची, वेली सोडायची आणि सगळ्यात शेवटी नाव लिहायची. नाव लिहिताना श्वास रोखून धरावा लागतो, नाहीतर अक्षर थरथरतं. तिचं अक्षर कधी थरथरलं नाही. बोटाला क्रीम लागलं की इतर बायका बोट तोंडात घालायच्या, मोठी फडक्याला पुसायची. पंधरा वर्षं ती बोट पुसत आली होती. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, लांबट, पांढरी, डबीचं झाकण उघडलं की मासळीसारखा जरासा वास येणारी. गोळी घ्यायची, जिभेला लगाम घालायचा आणि दिवसभर दुसऱ्यांच्या आनंदावर गुलाब काढायचे, असं तिचं चाललं होतं.

आणि घरी धाकटी. चहात चार चमचे साखर घालून वर पेल्याच्या तळाची न विरघळलेली साखर बोटाने चाटणारी. तोंडही तसंच सुटलेलं.

"जाऊबाईंच्या चहात साखर नाही ते ठीक आहे," ती दिराला म्हणायची, "पण बोलण्यात चिमूटभर टाकायला डॉक्टरांनी बंदी केलीय का?"

दीर, म्हणजे मोठीचा नवरा, पेपरात तोंड घालून हसायचा. मोठी भांडं आदळायची. एवढ्यावर भागायचं. एका ओट्यावर दोन बायकांनी अर्धं आयुष्य काढायचं म्हणजे रोज थोडंसं भांडून घ्यावं लागतं, नाहीतर ते साठतं.

धाकटीच्या वाढदिवसाला मोठी न चुकता केक आणायची आणि न चुकता तो कुणीतरी रद्द केलेल्या ऑर्डरीचा असायचा. कुणाचं लग्न मोडायचं, कुणी म्हातारा पंच्याहत्तरीच्या आदल्या दिवशीच आटपायचा. असे केक मालकीणबाई कामगारांना नेऊ द्यायच्या. मोठी चपट्या सुरीने वरचं नाव अलगद खरवडायची, क्रीमचा एक हात फिरवायची, की झाला नवा. पण रंग स्पंजपर्यंत उतरलेला असतो. पांढऱ्या क्रीमखालून गुलाबी-हिरवी झाक यायचीच.

"यंदा कुणाचं नाव खरवडलंत, जाऊबाई?" धाकटी केकवर वाकून बघायची. "गेल्या वर्षी कुणा आजोबांचा खाल्ला, तेव्हापासून माझे गुडघे दुखतायत."

"खा मुकाट. गोडच लागतो ना?"

"लागतो की! तुम्हाला काय माहीत म्हणा."

हे एवढं मोठीच्या वर्मी बसायचं. मग धाकटी पहिला घास तोंडात घोळवत, डोळे मिटून म्हणायची, "एकदा माझ्या नावाचा आणा हो. माझ्यासाठी भाजलेला. नवाकोरा."

"पुढच्या वर्षी बघू."

हे दरवर्षीचं होतं. मोठीच्या हाताखालून रोज दहा नावं जायची, अकरावं लिहायला तिला काही जड नव्हतं. लिहिलं नाही, एवढंच.

धाकटीचं पोट फुगायला लागलं तेव्हा सगळ्यांनी तिला साखरेवरून चिडवलं. साखर नव्हती. अंडाशयाचा कर्करोग होता आणि कळला तेव्हा तो पोटभर पसरलेला होता. ऑपरेशन झालं, सलाइनमधून औषधं झाली, केस गेले, भुवयासुद्धा गेल्या. सहा महिने बरे गेले, पुन्हा पोटात पाणी धरलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कमी बोलायच्या. त्या म्हणाल्या, "आता त्यांना त्रास कमी कसा होईल तेवढं बघायचं. जे आवडतं ते द्या." सगळ्यांनी मान हलवली आणि घरी येऊन पुढचा उपाय शोधायला घेतला. शेवटचं वाक्य कुणाच्या डोक्यात शिरलंच नाही.

उपाय भाऊजीने आणला. भाऊजी म्हणजे धाकटीचा नवरा, छापखान्यात मशीनवर होता. केस वाढवणाऱ्या तेलापासून कर्ज फेडणाऱ्या अंगठीपर्यंत काय वाटेल ते त्याने छापलं होतं आणि घरी येऊन त्यावर पोट धरून हसला होता. तोच माणूस एका संध्याकाळी कुठल्याशा आरोग्य-मासिकाचं पान हातात घट्ट धरून आला. पान अजून शाईने ओलं होतं. त्याने ओट्याशी उभं राहून मोठ्याने वाचलं. मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीने कर्करोगाच्या पेशींची वाढ मंदावते, असं प्रयोगशाळेत दिसून आलंय. खाली गोळीचं नाव होतं.

मोठीने ते नाव ओळखलं. सगळ्यांनीच ओळखलं. पंधरा वर्षं ती डबी खिडकीच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी होती.

"म्हणजे औषध घरात आणि आपण गावभर फिरतोय!" भाऊजी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "वहिनी, तुम्हाला काही झालं का इतक्या वर्षांत? नाही ना? ही गोळीच पाठीशी उभी होती तुमच्या!"

त्या खोलीत सगळे मोठीकडे बघत होते. घरात तिचा आजार म्हणजे सगळ्यांनी सांभाळून घ्यायची एक अडचण होती. जेवायच्या वेळा तिच्यामुळे, प्रवासात थांबणं तिच्यामुळे. आज पहिल्यांदा तिच्याजवळ असं काही निघालं होतं, जे सगळ्यांना हवं होतं. तिने पदराला हात पुसले, फळीवरची डबी काढली आणि झाकण उघडलं.

"डॉक्टरीणबाईंना विचारायचं का?" तिच्या नवऱ्याने विचारलं.

"विचारून काय, नाहीच म्हणणार," भाऊजी म्हणाला. "त्यांनी तर हात वर केलेत."

धाकटी पलंगावरून ऐकत होती. गोळी तळहातावर आली तेव्हा तिने हुंगून बघितली. "ई! हे खाता होय रोज? आता कळलं तोंड असं का असतं ते." आणि गिळली.

गोळीपाशीच थांबले असते तरी एक वेळ ठीक होतं. पण भाऊजीचं डोकं मशीनसारखं, एकदा चालू झालं की दोन हजार प्रती काढूनच थांबायचं. त्याने मनाशी हिशेब जुळवला. ही गोळी साखर कमी करते. गोळीने कर्करोग मंदावतो. म्हणजे कर्करोग साखरेवर जगतो. म्हणजे साखर तोडली की त्याची रसदच तुटली. इतकं सरळ होतं की डॉक्टरांना कसं सुचलं नाही याचंच त्याला नवल वाटलं.

"वहिनी, तुम्ही यातल्या जाणकार. हिचं खाणंपिणं तुमच्या ताब्यात. आजपासून हिचा चहा तुमच्या पातेल्यात."

धाकटी उठून बसली. "शेवटी ओढलंत मला तुमच्या पातेल्यात!"

"तुझ्याच भल्यासाठी आहे," मोठी म्हणाली आणि तेव्हा तरी तिला ते मनापासून वाटत होतं.

पोचा आलेलं पातेलं दोघींना पुरेना, म्हणून नवं घेतलं. साखरेचा डबा मोठीने आपल्या खोलीतल्या कपाटात नेऊन ठेवला. बिस्किटं गेली, मुरांबा गेला, केळी गेली, भात मूठभर उरला. घरातल्या इतरांना साखर हवी असली तर मोठीकडे मागायला यावं लागे.

"सरकार बदललं म्हणायचं," तिचा नवरा पुटपुटला.

पहिल्याच आठवड्यात धाकटीचं पोट बिघडलं. तोंडाला पत्र्याची चव, मळमळ, दिवसातून सहा-सात वेळा धावपळ. मोठीला हे ठाऊक होतं. पंधरा वर्षांपूर्वी तिचा पहिला महिना असाच गेला होता.

"अंगवळणी पडेल," ती म्हणाली.

"गोळी लागू पडतेय," भाऊजी म्हणाला. "आतली घाण बाहेर पडतेय."

तिच्याच शरीराबद्दल घरात एवढे जाणते झाल्यावर धाकटीने काय बोलायचं?

महिन्याभरात तिच्या गालांची हाडं वर आली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. ती भाऊजीच्या समाधानासाठी गोळी गिळायची आणि मोठीच्या धाकाने फिका चहा प्यायची. एकदाच, दुपारी, मोठी कामावरून लवकर आली तर धाकटी ओट्याला टेकून उभी होती आणि गालात काहीतरी होतं. धाकटीच्या लेकीच्या दप्तरातलं क्रीमचं बिस्किट.

"थुंक."

"जाऊबाई, एकच आहे हो. चघळतेय नुसतं."

"थुंक म्हणते ना. एवढं सगळं करायचं आम्ही आणि तू मागून बिस्किटं खायची?"

"भूक लागली."

"मला नाही लागली भूक? पंधरा वर्षं केकच्या दुकानात उभी आहे मी. मेले का?"

धाकटीने तिच्याकडे बघितलं. मग ओंजळ तोंडाशी नेऊन थुंकली. मोठीने ते तिच्या हातातून पुसून घेतलं, तिला चूळ भरायला लावली आणि पलंगापर्यंत धरून नेलं. नेताना तिला जाणवलं, की आपल्या हातात काही वजनच नाही. तरीही त्या दुपारी तिच्या मनाला जरासं हलकं वाटत होतं, जसं जुनं येणं कुणी न मागता आणून द्यावं. का वाटतंय, हे तिने स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर तिला माहीत होतं.

वाढदिवस त्यानंतर आला. मोठी रिकाम्या हाताने घरी आली.

"हे काय? आज एकही लग्न मोडलं नाही?" धाकटीचा आवाज खोल गेला होता, पण खोच तीच होती.

"केक आणून काय डोळ्यांनी खाणारेस? पुढच्या वर्षी आणते. तुझ्या नावाचा. नवाकोरा."

"पुढच्या वर्षी," धाकटी म्हणाली.

"नक्की!" भाऊजी फार मोठ्याने म्हणाला.

धाकटी मान वळवून भिंतीकडे बघत राहिली. लेकीने तिच्या पायांवर चादर सारखी केली. मग मोठीने सगळ्यांना चहा दिला. धाकटीला आणि स्वतःला फिका, बाकीच्यांना गोड.

पोटातलं पाणी काढायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला वजनकाट्यावर उभं केलं, आकडा बघितला, पुन्हा उभं केलं. "यांना खायला काय देताय?"

लेक बोलली. गोळी, साखर, कपाट, सगळं. डॉक्टरीणबाईंनी भाऊजीच्या खिशातलं ते पान मागून घेतलं, वाचलं, घडी घालून परत दिलं.

"बातमी खोटी नाही," त्या म्हणाल्या. "ही गोळी पेशीच्या आत ऊर्जा तयार होण्याचं काम मंद करते. रक्तातलं इन्सुलिनही कमी करते, आणि इन्सुलिन म्हणजे पेशींना ‘वाढा’ असा निरोपच असतो. म्हणून काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर ही घातली की त्या हळू वाढतात. पण बशीत घालतात तेवढं औषध माणसाच्या रक्तात कधीच पोचत नाही. पोचवलं तर आधी माणूस जाईल. माणसांवरही बघतायत. कुठे थोडा फायदा वाटला, कुठे काहीच नाही. आणि हळू वाढणं म्हणजे थांबणं नव्हे, बरं होणं तर नव्हेच."

"पण साखर तर कर्करोगाचं..." भाऊजी म्हणाला.

"साखर सगळ्याच पेशींना लागते. तुम्ही नाही दिलीत तर शरीर ती स्नायू मोडून तयार करतं आणि गाठ त्यातूनही आपला वाटा घेते. तुम्ही गाठीला नाही उपाशी ठेवलंत. यांना ठेवलंत."

भाऊजीने पान खिशात कोंबलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "साखर तोडायची कुणी ठरवलं?"

भाऊजीने वळून मोठीकडे बघितलं. "वहिनींना यातलं कळतं म्हणून आम्ही..."

मोठीने तोंड उघडलं. पान तुम्ही आणलंत, हिशेब तुम्ही मांडलात, डोळे तुमचे भरून आले. सगळं जिभेवर आलं होतं. मग तिला धाकटीची ओंजळ आठवली आणि तिने तोंड मिटलं. ओंजळ काही भाऊजीने पुसली नव्हती.

"गोळी आजपासून बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जे मागतील ते द्या. आता तरी." दाराशी त्यांनी मोठीच्या नवऱ्याला हळूच सांगितलं, की फार दिवस नाहीत.

दुसऱ्या दिवशी मोठी बेकरीत सगळ्यांच्या आधी पोचली. स्पंज तिने स्वतः भाजला. मालकीणबाईंनी विचारलं, कुणाची ऑर्डर? ती म्हणाली, घरची. क्रीम ताजं घोटलं, कडेने गुलाब काढले, जेवढे बसले तेवढे. मग पिशवीत गुलाबी क्रीम भरून ती नावापाशी आली आणि थबकली. ‘धाकटी’ असं तर कुणी केकवर लिहीत नाही. खरं नाव होतं, लग्नाच्या आधीपासूनचं, चांगलं चार अक्षरांचं. ते आपण इतक्या वर्षांत एकदाही मोठ्याने उच्चारलेलं नाही, हे तिथे तिच्या लक्षात आलं. तिने श्वास रोखला. तरी दुसरं अक्षर थरथरलं. बोटाला लागलेलं क्रीम तिने नेहमीसारखं फडक्याला पुसलं.

घरी येऊन तिने कपाटातला साखरेचा डबा ओट्यावर ठेवला, मोठ्या पातेल्यात चहा केला, चार चमचे टाकले. चहा आणि केक घेऊन ती पलंगाशी गेली. लेकीने आईच्या पाठीमागे उश्या लावल्या.

"ऊठ. बघ, काय आणलंय."

धाकटीने डोळे उघडले. केककडे बराच वेळ बघितलं. औषधांच्या गुंगीने तिची नजर कुठेच नीट ठरत नव्हती.

"कुणाचं नाव खरवडलंत?" ती म्हणाली.

"अगं, नाही खरवडलेलं. वाच ना. तुझंच आहे. तुझ्यासाठी भाजलाय."

"बरं." समजूत काढावी तसं ती म्हणाली. मोठीने चमच्यावर क्रीमचा गुलाब घेऊन तिच्या ओठांशी नेला. तिने तो तोंडात घेतला, जिभेवर ठेवला आणि तिचा चेहरा आक्रसला. लेकीने पटकन हात पुढे केला, पण ती त्यात थुंकली नाही. मोठीकडे बघत, कष्टाने गिळली.

"गोड सोसत नाही आता," ती म्हणाली. "तुमच्या पातेल्यातला द्या घोटभर. सवय झाली."

यात टोमणा किती आणि खरं किती, हे मोठीला समजलं नाही. पुढेही कधी समजलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली, पोचा आलेलं पातेलं घासलं आणि चहा ठेवला. तो होईपर्यंत धाकटीला झोप लागली होती.

पुढच्या तीन दिवसांत तिने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. चौथ्या दिवशी, दुपारी, ती गेली.

घर माणसांनी भरलं. खुर्च्या शेजारून आल्या. मोठं पातेलं सारखं चुलीवर होतं. बाहेरच्या खोलीत भाऊजी एकेकाला सांगत होता, "पान माझ्या हातात उशिरा पडलं. गोळी आधीच सुरू केली असती तर..." आणि लोक म्हणत होते, "थोरल्या जावेने फार केलं हो तिचं. खाण्यापिण्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष. सख्खी बहीण करणार नाही." मोठी कप भरत ऐकत होती. लोकांचं एकही वाक्य खोटं नव्हतं.

नात्यातल्या लहान मुलांनी दुपारपासून काही खाल्लेलं नव्हतं. मोठीच्या नवऱ्याने फ्रिज उघडला. "अगं, हा केक तसाच पडलाय. खराब होण्याआधी पोरांना तरी दे."

"थांबा," मोठी म्हणाली. "तसा नका नेऊ."

तिने केक ओट्यावर घेतला. एका कडेचा एक गुलाब तेवढा कमी होता. खणातून चपटी सुरी काढली, पाण्यात बुडवली आणि नाव अलगद खरवडायला घेतलं. पहिलं अक्षर, मग ते थरथरलेलं दुसरं. हाताला सवय होती. कडेचं क्रीम ओढून तिने वरून एक हात फिरवला. खालून गुलाबी झाक आली.

भाऊजी पाणी प्यायला आत आला होता. केक बघून दारातच थांबला. "कुणाचा केक आणलात, वहिनी?"

"ऑर्डर रद्द झाली," मोठी म्हणाली आणि तुकडे पाडायला लागली.